सत्त्याण्णव टक्के ‘हो’

...आणि वर मलाच म्हणतात, चार्ट तेवढा देखणा काढ. देखणा? अहो, तुम्हाला सांगतो, आठ दिवस त्या चार्टपायी जीव मेटाकुटीला आला, आणि कशासाठी, तर म्हणे ‘आकडे खोटं बोलत नाहीत’.

हे म्हणणारा आमचा कप्तान. आमचा एक गट आहे, चार्ट काढायचं सॉफ्टवेअर बनवतो; हा त्याचा म्होरक्या. फुकट. कोड सगळ्यांना उघडा, कुणीही यावं, दुरुस्त करावं, दमडी कुणालाच मिळत नाही आणि भांडायला मात्र सगळे हजर. त्याची माहितीपुस्तिका लिहितात एक निवृत्त शिक्षिका. आम्ही नुसतं बाई म्हणतो. नऊ वर्षं, चारशे पानं, एकटीनं! तर बाई मागच्या बैठकीत शांतपणे म्हणाल्या, "हे कुणी वाचतं का रे? नसेल वाचत तर मी थांबते." झालं, सगळ्यांची तोंडं एवढीएवढी. कप्तान म्हणतो, "बाई, अंदाजपंचे कशाला? सर्वे घेऊ. आकडे खोटं बोलत नाहीत." आणि बोट माझ्याकडे. नेहमीप्रमाणे.

घेतला. पहिलाच प्रश्न, पुस्तिका वाचता का? दोनशे उत्तरं आली, त्यात एकशे चौऱ्याण्णव ‘हो’. सत्त्याण्णव टक्के! मला तर बाईंचा हसरा चेहराच दिसायला लागला. बसलो गोल चार्ट काढायला, आमच्याच सॉफ्टवेअरमध्ये. आता ‘नाही’ची फट ती केवढीशी, तिच्यावरचं ‘तीन टक्के’ हे लेबल काही केल्या जागेवर राहीना... डावीकडे ओढावं तर उजवीकडे पळतंय, बारीक करावं तर गायबच होतंय, आणि सोडून द्यावं तर बरोबर मधोमध येऊन बसतंय, जावई आल्यासारखं.

बायको दवाखान्यात नर्स आहे. ड्यूटीवरून आली, चपला काढता काढता स्क्रीनकडे बघून म्हणाली, "अहो, हा सर्वे लोकांना दिसला कुठे?"

"पुस्तिकेच्या शेवटच्या पानावर. बाईंना बरं वाटेल म्हणून."

"म्हणजे पुस्तिका वाचणाऱ्यांनाच विचारलंत, पुस्तिका वाचता का?"

मी लेबल आणखी एकदा डावीकडे ओढलं.

"उद्या मी दवाखान्याच्या दारात उभी राहते, विचारते कुणाला बरं नाही, आणि जाहीर करते अख्खं गाव आजारी आहे. चालेल?"

तुम्हाला सांगतो, बरोबर बोलणाऱ्या माणसाचा जेवढा राग येतो ना, तेवढा कुणाचाच येत नाही. आणि ते सहा ‘नाही’वाले! चारशे पानांच्या शेवटी पोचून म्हणतात वाचत नाही. मग तिथं करत काय होते?

कप्तानाला फोन केला. "असू दे रे, आकडे खोटं बोलत नाहीत." खरं सांगू, मलाही वाटलं, दाखवून टाकावं, बाई खूश होतील. पण नऊ वर्षं जिनं एक स्वल्पविराम चुकू दिला नाही, तिला खोटं कौतुक कसं द्यायचं? जमेना. उचलला सर्वे, टाकला सॉफ्टवेअर उघडल्या उघडल्या समोर येईल असा. तीनशे बारा उत्तरं आली. ‘हो’ किती? अकरा.

बैठकीत प्रोजेक्टरवर चार्ट लावला. ‘साडेतीन टक्के’ हे लेबल सरळ चार्टाबाहेर जाऊन भिंतीवर पडलेलं. बाईंनी चष्मा सारखा केला.

"अकरा?"

"हो बाई."

"माझ्या वर्गात साठ मुलं असायची. ऐकायची दोन. त्या मानानं प्रगती आहे. लिहीन मी." मला इतकं हायसं वाटलं म्हणून सांगू... तेवढ्यात म्हणतात, "पण ते लेबल असं बाहेर का लोंबतंय?"

"बाई, आठ दिवस झगडतोय, बसतच नाही."

"पान दोनशे चौदा. एका ओळीचं काम आहे."

खोलीत हशा. बाई माझ्याकडे बघतायत. "त्या अकरांत तू नाहीस वाटतं?"

आकडे खोटं बोलत नाहीत हो, पण त्या पहिल्या सर्वेतलं पहिलं ‘हो’, बटण चालतंय का बघायला, एकदम शेवटच्या पानावर उडी मारून, मीच दाबलं होतं.

बाई आता रोज फोन करून धडा विचारतात. सध्या मी पान एकतीसवर आहे. पुढच्या सर्वेत बारा धरा.