आकारामजीरावांची तोड्याची बंदूक

— आवो थांबा थांबा, म्याडम, त्यो खिळा काढू नका! त्यो आमच्यात पिढ्यान्‌पिढ्या कुनी हलवलेला न्हाय. काय म्हनता — बांबूचा हाय? असू दे की बांबूचा. काढायलाच घातलेला असतोय? नळीच्या खालच्या अंगाला कारागिराची सही असतीया? बरं, काढा बाई, पन जरा जपून, कारन आज खंडेनवमी हाय आन् चार वाजता तालमीतली पोरं हिला वाजत-गाजत न्यायला येनार. शस्त्रपूजेचा मान औंदा आमच्या घरचा, पयली आरती या अमरसिंहाच्या हातनं. तुमी फकस्त एक कागद द्यायचा — पन्हाळ्याच्या वेढ्यात उडालेली तोड्याची बंदूक, सही, शिक्का, संपलं. मोना, म्याडमना च्या टाक गं! — खरं सांगू का, तुमी गाडीतनं उतरलासा तवा मी तुमच्या मागं बघत हुतो, पुन्याचं म्युझियमवालं साहेब कवा उतरत्यात म्हनून. मला काय म्हाईत तुमीच साहेब!

कागद कशाला, म्हनता? त्यो समोरचा राजवर्धन — ती निळ्या गेटची बिल्डिंग — तेच्या घरात एक तलवार हाय. वीस वरसं पूजेचा मान तिलाच. आता मला सांगा, बंदूक मोठी का तलवार? बंदूकच की! मी मीटिंगमदी उठलो, म्हनलं, आमच्या आकारामजीरावांनी वेढ्यात पाठोपाठ तीन गनीम लोळवलं, तेंचीबी बंदूक हाय म्हनलं घरात. सगळी पोरं वराडली, शिट्ट्या मारल्या. तर हा म्हनतोय, ‘कागद दाखव.’ आरं, तुझ्या तलवारीचा कागद कुनी मागितला का? न्हाय मागितला, कारन ती खरी हाय — म्हंजी, खरी दिसतीया. कोपऱ्यावरचा फ्लेक्स बघितला न्हवं येताना? वरती आकारामजीराव घोड्यावर, खाली मी गॉगलमदी. आकारामजीरावांचं चित्र कुठनं मिळालं म्हंजी? डिजिटलवाल्यानं माझंच तोंड घेतलं आन् मिशा वाढवल्या. घराण्यातलं रगत एकच, मग तोंडबी तेच असनार की.

दस्ता आखूड? व्हय, खांद्याला लागत न्हाय, गालाला लावून मारायची — ते घोड्यावरनं मारायची म्हनून तसं. मला ठावं हाय की. हा पितळंचा पक्षी? बगळा हाय. क्रौंच म्हना, काय बी म्हना, आमच्या पंचगंगंला बगळं कमी हाईत व्हय? ते फूल वळकायचं ऱ्हायलं — तिथं कुकू दाट बसलंय, दरसाल आमी घरात लावतो. पुसू नका, पुसू नका, म्याडम — पुसलंच तुमी. ‘जय भवानी’? ते मी घातलंय. म्हंजी, सोनाराकडनं घातलंय, दोन हजार बारा सालाला. पन जुन्या वळनाचं घाल म्हनून मुद्दाम सांगितलतं. आन् लायसनचं इचारू नका. देवाच्या पाटावरच्या वस्तूला लायसन असतंय व्हय?

आली व्हय नळी भाईर? बघू — हाईत की अक्षरं! उभीच्या उभी लिवल्यात, मोडी हाय ही. न्हाय? भिंग लावून बघा की, मोडी काय तुमा-आमाला लागतीया चटकन? — जपानी? — काय बोलायलाय, म्याडम! जपानी असायला ही काय मोटारसायकल हाय व्हय? — फूल म्हंजी तिकडच्या कुठल्या घराण्याची खूण? बगळाबी तिकडचा? बांबूचा खिळाबी? बरं मग फिरंग्यांनी आनली आसंल जहाजातनं, गोव्याला उतरवली, तिथनं घाट चढून पन्हाळ्याला — बसतंय की गनित! तसंच लिवा. आमच्या घरात जपान बघितलेला मानूस एकच, त्योबी शेचाळीस सालाला, आन् त्यो काय लढाईला न्हवता गेला —

न्हाय, कोन न्हाय. बोलता बोलता बोललो. — आवो सोडा की. — माझा आजा. पिराजी. पलटनीत हुता, व्हय, मराठा पलटन. लढाई संपल्यावर ती पलटन जपानात पहाऱ्याला नेलती. पहाऱ्याला पलटन, आजा न्हवं. आजा लंगरात. सैपाकी. आता झालं समाधान?

कागदावर नका लिवू हे, पेन ठेवा खाली. नुसतं ऐका. लंगराच्या मागं एक म्हातारी यायची म्हनं, डबा घिऊन, कडंला नातू. बोलायची न्हाय, मागायची न्हाय, नुसती हुबी. आजा उरलेला भात घालायचा. नंतर नंतर उरायच्या आधीच काढून ठेवायचा. वरीसभर. आन् तिकडं हुकूम निघालता, ज्याच्या घरात हत्यार असंल तेनं आनून द्यायचं. हिच्या घरात ही. तिनं दिली न्हाय कुनाला. पलटन निघाली त्या दिशी फडक्यात गुंडाळून आनली आन् दोनी हातांनी आजाला दिली, वाकून. आजा म्हनायचा, ‘मी तिच्या पाया पडाय वाकलो, ती माझ्या पाया पडाय वाकली, दोघंबी खालीच, वर कोन बघनार?’ तीन तुकडं करून वळकटीतनं आनली तेनं. माळ्यावर ठिवली त्याच फडक्यात. पूजा न्हाय, काय न्हाय. फकस्त घरात कोन बी आलं की ही गोष्ट सांगायचा, आन् दरयेळी त्या पोराला किती भात लागायचा ते हातानं दाखवायचा.

मग काय हुनार? धाकट्या बहिनीला बघाय पावनं आलं, सोयरिक मोठी. ह्यो सुरू झाला — ‘मी लंगरात हुतो…’ मी पावन्यांच्या म्होरंच म्हनलं, मनावर घिऊ नका, आजाला भ्रम झालाय. पावनं हसलं. आजानं माझ्याकडं बघितलं. उठून आत गेला. लगीन जमलं, झॅक झालं. त्यो अजून चार वरसं जगला, पन ती गोष्ट काय पुन्ना बोलला न्हाय. एकदाबी न्हाय. आमच्या थोरल्या आक्कीच्या पोरांनी हट्ट केला तरी न्हाय. म्हनला, ‘मला आठवत न्हाय.’ लाज वाटतीया, म्याडम. आता वाटतीया, तवा न्हाय वाटली.

आकारामजीराव? हुतं की. म्हंजी — खापरपणजाचं नाव आकारामच हुतं. जीराव मी लावलं. म्हशी हुत्या तेच्या, धा-बारा. वेढ्याचं काय म्हाईत न्हाय.

हीच गोष्ट लिवून देतासा? हिला जास्त किंमत? पुन्यात आसंल! हितं कोपऱ्यावर जाऊन सांगा बघू, पन्हाळा न्हवं, भात हाय. ह्या पेठंत बंदूक मारलेल्याची आरती करत्यात. भात वाढलेल्याच्या म्होरं ताशा वाजवलाय कुनी? राजवर्धन तर पोट धरून हसंल, म्हनंल, आचाऱ्याची बंदूक! मला काय, मी सोसीन. पन आजाला हसत्याल सगळी, आन् एकडाव मी हसवलंय, तेवढं बास —

ऐकलासा? ताशा. आली पोरं, चार कुठं वाजल्यात अजून! बसवा ती नळी, म्याडम, लवकर. खिळा घाला, न्हायतर मी घालतो, सरका. कागद ऱ्हाऊ दे. च्याबी ऱ्हाऊ दे. तुमी मागच्या दारानं — आँ? या या, राजवर्धनराव, चढलासा व्हय वर! ह्या? ह्या पुन्याच्या, लई मोठ्या. झाली की तपासनी, नळी काढून केली, भिंग लावून. कागद येतोय मागनं, तवर तोंडी घ्या, तेंच्याच तोंडानं ऐका — पन्हाळ्याचीच हाय न्हवं, म्याडम? … आवो, सांगा की ह्यास्नी. … सगळी पोरं जिन्यात थांबल्यात, म्याडम. … म्याडम?