वजन पहिलं

खोपटच्या एसटी डेपोत भिवंडीच्या गाडीची वाट बघत पन्नाशीची आयव्ही बसलेली. बाकावर शेजारी तान्हं बाळ घेतलेली एक बाई आणि तिची नणंद प्रियांका. कॉलेजच्या अभ्यासासाठी नणंद मोबाइलवरचे प्रश्न वहिनीला विचारत होती.

“आपल्या शरीराबद्दल तुला जास्त महत्त्वाचं काय वाटतं? ताकद, तब्येत, दिसणं, वजन. क्रमाने सांग.”

“वजन पहिलं. मग दिसणं.”

“आणि तब्येत?”

“शेवटी टाक.”

“अगं, परवाच चक्कर आलेली तुला! बाळ कडेवर होतं.”

“त्याला पडू दिलं का मी?”

“बरं, पुढचा. आपण कसे दिसतो, हा विचार दिवसातून किती वेळा येतो?”

“जातो कधी? बाळाला पाजतानापण पोट आत ओढून बसते. तुझा दादा समोर असतो ना.”

“काही बोलला तो?”

“बोलत नाही. बाळंतपणानंतर बाहेरच्या खोलीतच झोपतो.”

“सकाळपासून खाल्लंस काय?”

“हापण प्रश्न आहे त्यात?”

“नाही. मी विचारतेय.”

बाळ रडू लागलं. वहिनीने त्याला ओढणीखाली घेतलं, तरी ते रडतच राहिलं.

“वहिनी, दूध येत नाहीये?”

“आईंना सांगू नकोस.”

आयव्हीला राहवेना. तिने आपला डबा उघडून पुढे धरला. “खा गं बाय, घरचं हाय.”

“नको मावशी, उपास आहे.”

“आज कसला उपास, वहिनी?”

वहिनी नणंदेकडे झुकली.

“तू एक कर. घरी गेल्यावर दादाला सांग, वहिनीचं दोन किलो वजन कमी झालंय. मी सांगितलं तर तो वर बघतपण नाही.”