पहिल्या प्रेसिंगमधली खरखर

गुणवंतराव: थांब, थांब, सुई उचलू नको! आता बासरी येते. हे पाय… ऐकलं? आपल्याच अंगणात बसून कोणी वाजवून राह्यलं, असं वाटते का नाई?

अश्वजित: बापा रे! भाऊ, हीच रेकॉर्ड माह्या घरी आहे, पण हे बासरी मी कधी ऐकलीच नाई.

गुणवंतराव: कशी ऐकशील? तुही मागून छापलेली, हे जुनं प्रेसिंग. सध्या मी दुसरं काही लावूनच नाई राह्यलो. सून म्हणते, बाबा, त्या बासरीवाल्याले घरीच आणून ठेवा, निदान चहा तरी पियीन बिचारा.

अश्वजित: मी सध्या सारंगीत बुडलो. शाळेतून आलो का एक बाजू ऐकतो, मंगच जेवतो. पण भाऊ, बासरी ऐकवाले तं तुमी नाई ना बोलावलं? आईले घेऊन ये म्हणाले. तिचे गुडघे धरले, तरी पोंभुर्ण्याहून बल्लारपूरपर्यंत गाडीत बसवून आणलं. काऊन आणलं ते तिलेही माहीत नाई अन् मलेही नाई.

गुणवंतराव: आहेत कुठी बाई?

अश्वजित: तुमच्या सुनेजवळ, सयपाकघरात. दोघींच्या गोष्टी चालू आहेत.

गुणवंतराव: मंग दार लोट जरा. तुही ते रेकॉर्ड आणली का? ‘झाडीतली रोवण्याची गाणी’?

अश्वजित: आणली. पण तिचं काय काम?

गुणवंतराव: अन् हे माही. बाजूबाजूले ठेव. कव्हर पाय.

अश्वजित: सारखंच. तेच पाण्यानं भरलेली धानाची बांधी, त्याच वाकून रोवणाऱ्या बाया.

गुणवंतराव: लेबल?

अश्वजित: तेही सारखंच. नंबरसुद्धा.

गुणवंतराव: आता खिडकीजवळ जा अन् उजेडात तिरपी धर. गाणं सरल्यावर लेबलच्या भवताल कोरी काळी जागा राह्यते ना, तिथी कारखान्यातल्या माणसानं टोकानं खरडलेलं असते. वाच, गुरुजी.

अश्वजित: दोन्हीची बाजू पहिलीच, पण तुमच्यावर नंबरच्या मागं एक लहानसा ए आहे. माह्यावर… बी. म्हंजे भाऊ, साचाच दुसरा?

गुणवंतराव: साचा दुसरा! कव्हर तेच ठेवलं अन् आतलं सारं बदलवलं.

अश्वजित: पण तुमीच तं आपल्या रेकॉर्डवाल्यांच्या ग्रुपवर लिहलं होतं, का ह्या रेकॉर्डचं पहिलं प्रेसिंग कोणी घेऊ नका, भलती खरखर आहे म्हून.

गुणवंतराव: लिहलं बाबा, हात झडो माहा! धुतली तिले, मऊ ब्रशनं घासली, सुई बदलवली, सुईवरचं वजन कमी-जास्त करून पाह्यलं. खरखर हटाचं नाव घेईना. चिडून कपाटावर फेकली. मांगच्या हप्त्यात सहज लावली अन् कुर्सीतून उठूनच उभा राह्यलो. अश्वजित, ते खरखर तालात आहे!

अश्वजित: तालात?

गुणवंतराव: गाणं सुस्तावलं का तेही सुस्तावते. गाणं उठलं का तेही उठते. धुळीले ताल समजते का गा? इतके वर्षं आपण कान तयार केले म्हणतो, अन् मी गाण्याचा अर्धा भाग मळ म्हून धुऊन राह्यलो होतो!

अश्वजित: मंग आहे काय ते?

गुणवंतराव: चिखल. मले तं तेच वाटते. बाया खरोखरच्या बांधीत उभ्या आहेत. रोवून राह्यल्या अन् गावून राह्यल्या. कंपनीवाल्याले ते खराब वाटलं असन, जसं मले वाटलं. म्हून त्यानं शहरातल्या गाणाऱ्या बाया बसवल्या, पेटी-तबला घातला, अन् त्याच कव्हरात दुसरंच भरलं. ते तुहीवाली.

अश्वजित: थांबा भाऊ. जरा थांबा.

गुणवंतराव: म्हून तं म्हटलं, आईले आण. जीपवाल्यांची ते गोष्ट तूच सांगतली होती ना मले?

अश्वजित: लहानपणापासून ऐकून राह्यलो मी ते गोष्ट. आईचं लगन व्हायचं होतं. रोवण्याच्या दिवसात तिच्या माहेरी जीप आली, जीपवाल्यांनी मशीन लावली अन् बायांची गाणी भरून नेली. आमच्या घरी सारे हासत. पाव्हणे आले का बाबा म्हणत, आमची रुखमा मोठी गायिका आहे, कंपनीवाले शोधून राह्यले तिले. नागपूरच्या भंगारवाल्याजवळ मले हे रेकॉर्ड दिसली, तं मी नाचतच घरी आलो. तिच्यासमोर लावली. पेटी वाजली, तबला वाजला, अन् दुसऱ्याच बाया. तिनं पुरी बाजू ऐकली. म्हणे, मी नोहो हे. तवापासून त्या गोष्टीचं नाव नाई काढलं तिनं.

गुणवंतराव: आता काढन.

अश्वजित: अन् ह्यातही नसली तं? आपल्या झाडीपट्टीत का एकच गाव आहे धान रोवणारं? तिचं तोंड पुन्हा तसं उतरलेलं मले पाहवणार नाई, भाऊ. आधी आपण दोघंच ऐकू.

गुणवंतराव: तू ओळखशील कसा? लगनाआधीच्या पोरीचा आवाज तो. तवा तू होता का?

रुखमाबाई: दार काऊन लोटलं गा? चहा आणला. दोघंही कुजबुज करून राह्यले, कोणाचं लगन जुळवून राह्यले का?

गुणवंतराव: या बाई, बसा. तिथी नाई, ह्या मधातल्या कुर्सीवर. दोन्ही स्पीकर इथीच बरोबर लागतात.

रुखमाबाई: हे कव्हर… हे ऐकली आहे मी. ह्याच्यात आमचं कोणीच नाई.

गुणवंतराव: कव्हर तेच आहे बाई, आतली दुसरी आहे.

अश्वजित: आई, नसन ऐकायची तं राहू दे. आपण जेवू अन् निघू.

रुखमाबाई: तुहं तोंड काऊन सुकलं असं? लावा जी भाऊ. एकदा खोटी ठरली, आणखी एकदा ठरीन. आता कोण हासते? हासणारे तं गेले सारे.

[सुई टेकते. खरखर सुरू होते. दोघंही गाण्याकडे नाही, रुखमाबाईंकडे पाहत बसतात.]

रुखमाबाई: मांगं सरकून राह्यल्या.

अश्वजित: कोण, आई?

रुखमाबाई: बाया. रोवताना मांगं मांगं सरका लागते ना. चिखलातून पाय निघाला का असाच वाजते. पेंढी सोडली… आता रोवलं… आता पाय काढला.

गुणवंतराव: बाप्पा! ओळच्या ओळ सरकून राह्यली ह्या खोलीत. मले माह्या स्पीकरच्या मांगं पाणी दिसून राह्यलं, अश्वजित!

रुखमाबाई: हे आशा. आमच्या घराच्या बाजूची. हासून राह्यली पाय! त्या मशीनसमोर तिले सारखं हासू येये. जीपवाला हात जोडे, बाई हासू नका. तं ते आणखीन हासे. गेली बिचारी, पहिल्याच बाळंतपणात गेली.

अश्वजित: आई, म्हंजे हे तुमचंच—

रुखमाबाई: थांब. आता गाणं उचलाचं आहे.

अश्वजित: हा… हा आवाज कोणाचा? भाऊ, ऐकून राह्यले का? ह्या बांधीतून उठला अन् पार जंगलाले जाऊन लागला!

गुणवंतराव: सारं आयुष्य मोठे मोठे गाणारे ऐकले मी. पाय माहा हात, कसा काटा उभा राह्यला.

अश्वजित: बाकीच्या साऱ्या तिच्या मांगून येतात. ते मांगं वळूनही नाई पाहत. आई, कोण आहे हे? आई?

गुणवंतराव: पाणी देऊ का, बाई?

रुखमाबाई: असा होता माहा आवाज?

अश्वजित: तू? आई, हे तू आहे?

रुखमाबाई: मले कोणी सांगतलंच नाई. भरून नेलं अन् जीप गेली, आमाले ऐकवलंच नाई. मंग लगन झालं. पहिल्याच दिवशी सासऱ्यानं सांगतलं, ह्या घरच्या बायांचा आवाज ओट्यावर येत नाई. मंग मी हळूच बोलली. हळू बोलता बोलता मले वाटलं, आपला आवाजच तेवढा आहे.

अश्वजित: मले अंगाईगीतही तू कानाजवळ तोंड आणून म्हणे, आई. मलेही तेवढाच माहीत आहे तुहा आवाज.

रुखमाबाई: हे कोणालेच भेवून नाई राह्यली, पाय ना.

गुणवंतराव: बाई, सुरुवातीपासून लावू का पुन्हा? आवाज थोडा वाढवून?

अश्वजित: हो भाऊ, लावा. अन् आई, मी फोनात भरून घेतो, घरी गेल्यावर साऱ्याइले—

रुखमाबाई: आता बोलू नका रे कोणी. पोरगी गावून राह्यली.