पॅनलवरच्या वकिलानं काढलेली खोट

वकील लोकायचं कौतिक माह्यासमोर करू नका. माह्या पोराले कारंज्यात घर बांधाले कर्ज पाह्यजे होतं, अन् प्लॉट माह्या बापाच्या वक्ताचा. बँक म्हणे, आमच्या पॅनलवरच्या वकिलानं कागदं पाहून बरोबर हाय म्हटलं, तरच कर्ज भेटन. वकील निंघाला आमच्या इंझोरीचाच, माह्या दोस्ताचा पोरगा. मी म्हटलं, झालं काम!

तो म्हणे, "काका, मालेगावच्या सुमनआत्याचाई हक्क हाय याच्यात. तिची हक्कसोडपत्रावर सही आना."

"अबे, तुले खांद्यावर घेऊन पोळा दाखवला मी!"

"म्हणून त सांगून राह्यलो. एक रिपोर्ट चुकला का बँक मले पॅनलवरून काढते. मंग मले खांद्यावर कोन घेईन?"

पंचाईत अशी, का सुमनसंग, माह्या सख्ख्या बहिणीसंग, माह्यं बोलनं बंद होतं. तिच्या पोराच्या लग्नपत्रिकेत माह्यं नाव पार खाली छापलं, तवापासून. पण पोराचं घर अडलं होतं, म्हणून गेलो मुकाट्यानं मालेगावले.

दारातच म्हणे, "काहून आला?"

सांगतलं सारं. तिनं पयले जेवू घातलं, अन् दुसऱ्या दिवशी कचेरीत येऊन सही देल्ली. निंघताना म्हणे, "दादा, त्या वकिलाले म्हण, दरसाल तुह्या कागदात अशी एक खोट काढत जाय. त्याच्याबिगर तू काही येत नाही."