खाचेची खोली

...नाही, पण ताट वाढल्यावरही माणूस खाचेत बोट फिरवत बसतो म्हणजे काय? तुम्हाला सांगते, आमच्या ह्यांना महिनाभर दुसरा विषय नव्हता... रबराची रिंग आणि तिची खाच! कारण ऐका, मग हसा. सासूबाईंचं गाव धरणाखाली गेलेलं. आता त्या अंथरुणाला खिळल्यात, आणि एक दिवस म्हणाल्या, "एकदा घर दिसलं असतं रे..." झालं! ह्यांनी ठरवलं, पारदर्शक झाकणाचा डबा करायचा, आत व्हिडिओ चालू केलेला जुना मोबाईल आणि टॉर्च, नि दगड बांधून दोरीने सोडायचा तळाशी!

पाणी आत शिरू नये म्हणून डब्याच्या काठाला खाच, खाचेत रिंग, वर झाकण. पहिली खाच रिंगेच्या जाडीएवढी खोल. रिंग आत अशी निवांत पडली, की झाकण तिला टेकेचना! आत कोरा कागद ठेवून डबा पिंपात बुडवला... कागदाचा लगदा! "अगं, दाबली पाहिजे!" म्हणून दुसरी खाच उथळ केली, आणि अगदी रिंगेएवढी अरुंद. स्क्रू आवळले, तर रिंग बाहेर येऊन झाकणाखाली कापली गेली! "रबर दाबलं तरी आटत नाही गं, पसरतं. त्याला जागा हवी. दाबायचं, पण चिरडायचं नाही!" मी सासूबाईंचे पाय चेपत होते, तर तिथेही मागून सूचना... "दाबायचं, पण चिरडायचं नाही!"

तिसरी खाच जाडीच्या पाऊणपट खोल, रुंदीला सैल. कागद कोरडा! होडीतून डबा सोडताना नाववाल्यानेच दोरी धरली. डबा वर काढून मोबाईलवर व्हिडिओ लावला, तर आधी नुसता गाळ... मग पायऱ्या, भिंत, दाराची चौकट. हे तिथेच रडले हो!

घरी आल्यावर सासूबाईंनी कितीतरी वेळ पाहिलं.

"ओळखलंस, आई?"

"ओळखलं. पण हे आपलं नाही रे. शेजारणीचं."

ह्यांचा चेहरा... काय सांगू! तर त्या हळूच म्हणाल्या, "थांब, बंद नको करू. आमची बोलचाल नव्हती. तिच्या दारात कधी पाऊल नाही टाकलं मी... बघू दे."

आणि बघत राहिल्या. डोळे पुसत.

आता रविवारी पुन्हा होडी. डबा तोच, खाच तीच... फक्त एक घर पलीकडे!