कंसातली जर्मनी

—नाही भाऊ, अक्षरं नाही बदलायची, फोटोही नाही बदलायचा, फोटो चांगला आहे तिचा—तो कंस काढायचा आहे, कंस. खालून दुसरी ओळ. इकडं करा ना तो स्क्रीन जरा. हे पाहा—भावपूर्ण श्रद्धांजली, कै. पार्वताबाई, तेरवीचा कार्यक्रम उद्या, मुक्काम हिवरखेड—अन् खाली शोकाकुल—उत्तमराव, नत्थुजी, श्याम, प्रतीक्षा—अन् हे इथं, कु. वर्षाली, अन् तिच्या नावापुढं कंसात काय टाकलं तुमी? जर्मनी. बाकी कोणाच्या नावापुढं गाव नाही, एकटीच्याच पुढं देश! ते काढून टाका. एका बटनाचं काम आहे. —ऑर्डरवाल्याले विचारा लागन? ऑर्डरवाला माहा बाप आहे. —हो. मीच. मीच ते वर्षाली. काय पाहून राहिले असे? जर्मनीतलं माणूस अकोल्यात तुमच्या दुकानात उभं राहू शकत नाही का? सकाळच्या बसनं आली मी अमरावतीवरून. लहान्या बहिणीनं, प्रतीक्षानं, तुमचं डिझाईन पाठवलं मले मोबाईलवर, खाली तुमच्या दुकानाचं नाव होतं, नंबर होता—आली.

चहा नको. बसतही नाही. तुमी मले ओळखलं नाही, पण मी तुमाले चांगली ओळखते देवानंदभाऊ—पहिला फ्लेक्सही तुमच्याच मशीनचा होता. आठवते? हिवरखेडच्या बसस्टँडवर लागला होता. 'गावाची शान, गावाचा अभिमान, जर्मनीला संशोधनासाठी रवाना.' माह्या अंगावर काळा गाऊन चढवला तुमी, डोक्यावर ते चौकोनी टोपी—अहो, पीएच.डी. झाली नव्हती माही, नोंदणी झाली होती नुसती! अन् मागं आयफेल टॉवर. तो पॅरिसले आहे भाऊ. जर्मनीत नाही. पण सांगायचं कोणाले, आपल्या पुढारी पंजाबरावांचा फोटो माह्यापेक्षा मोठा, शुभेच्छुक म्हणून—लोकं त्याइलेच पाहत होते. सत्कार झाला, शाल झाली, नारळ झाला, बाबा तं त्या दिवशी नवं धोतर नेसले अन् माईकवर उभे राहून रडले. माहा बाप. कोथिंबिरीच्या जुड्या बांधणारा माणूस, चार माणसांत तोंड उघडत नाही कधी, तो माईकवर बोलला. मले गाडीत बसवलं हारांसकट, सारं गाव फाट्यापर्यंत आलं सोडायले. आता मले सांगा, अशी वाजतगाजत काढलेली पोरगी परत कशी येन?

—गेली का नाही मंग? नाही गेली. विमान नाही पाहिलं मी अजून. मी कशावर काम करून राहिली, सांगू? विचारलंच नाही ना कोणी. सारे विचारतात, जर्मनी कशी आहे, पगार किती भेटते, थंडी किती असते. भाऊ, दीडशे-पावणेदोनशे वर्षांपूर्वी तिकडं खेड्यातल्या गोष्टी लिहायची एक रीतच पडली होती—वावर, गुरं, भावकीची भांडणं, लग्नं मोडणं, सारं आपल्यासारखं—त्या वाचल्या मी अन् मले वाटलं, हे तं हिवरखेडच आहे, फक्त बर्फ जास्त. त्या गोष्टी अन् आपल्या मराठीतल्या गावाकडच्या गोष्टी, दोन्ही समोरासमोर ठेवून लिहून राहिली मी. त्या जुन्या मासिकांचे अंक तिकडच्या एका ग्रंथालयातच आहेत, म्हणून सहा महिन्यांची शिष्यवृत्ती भेटली होती. खरंच भेटली होती! ते काही खोटं नव्हतं. फक्त गाईडचं एक पत्र पाहिजे होतं. ही माझी विद्यार्थिनी आहे, हिचं काम खरं आहे—चार ओळी अन् एक सही. मी गावातून निघाली ते सरळ विद्यापीठात, ते पत्र घ्यायले. सर म्हणे, बघू. मंग म्हणे, परिषद आहे माझी. मंग म्हणे, मसुदा तूच टाईप करून आण. आणला. सरांनी त्यातले स्वल्पविराम बदलले, सही नाही केली! मी दारात उभी, रोज उभी, अन् सर म्हणे, 'तुम्हा गावाकडच्या मुलींना घाई फार असते.' तारीख निघून गेली. त्यानंतर सही केली त्याइनं—झोकदार सही, हिरव्या शाईची. काय करू तिचं? अन् मी त्या माणसाले एक शिवी देऊ शकत नाही भाऊ, कारण थीसिसवर सही त्याचीच लागते अजून. भेटले की म्हणा लागते, थँक्यू सर. म्हणून तुमच्यावर ओरडून राहिली मी. तुमची सही नाही लागत ना मले कुठं.

बाबाले फोन केला मी तेव्हाच. खरं सांगितलं. बाबा म्हणे, 'इकडं येऊ नको आता. आली तं लोकं काय म्हणतीन? पुढच्या वर्षी जाशीनच ना—तोवर राय कुठं तरी.' तोवर! तोवरचं दीड वर्ष झालं. अमरावतीत रूम केली, राजापेठच्या मागं, तिथंच एका क्लासमध्ये नर्सिंगच्या पोरींले जर्मन शिकवते. त्या पोरी जातात हो खऱ्या जर्मनीले! माह्याजवळ 'माझे नाव अमुक' शिकतात, अन् आठ-दहा महिन्यांनी विमानात बसतात, अन् मी फळा पुसते. त्यातली एक खुशी, चांदूर बाजारची, ते तिथून फोटो पाठवते मले. अन् बाबाचा फोन येते—बर्फातला एखादा फोटो पाठव व, लोकं विचारतात. तोंड दिसत नाही असा पाठव. —मंग? मंग काय करू, पाठवला. खुशीचा पाठवला. टोपी, मफलर, जाडं जॅकेट, काय कळते कोण आहे त्यात! बाबानं चावडीवर दाखवला सगळ्याइले. प्रतीक्षाचं लग्न जमलं त्या फोटोवर—हसू नका, खरं आहे—पाहुणे म्हणे, मोठी बहीण फॉरेनले, घर चांगलं आहे.

एकच माणूस होतं घरात ज्याले हे पटलं नाही. ही. तुमच्या स्क्रीनवर आहे ते. माही मोठी माय, बाबाच्या मोठ्या भावाची बायको. मोठे बाबा लवकर गेले, लेकरू नव्हतं, मलेच वाढवलं तिनं. अंगठा लावायची, पण मी जर्मन घोकत बसली की समोर बसून ऐकायची. म्हणे, सकाळी भेटलं तं काय म्हणतात व तुमच्यात? मी सांगितलं, गुटन मॉर्गन. तेव्हापासून म्हशीलेही तेच अन् बाजारात वांगे घेणाऱ्या बायाइलेही तेच! लोकं हसायचे, तिले काही नाही. तिले माहीत होतं मी अमरावतीत आहे. तिच्यापासून मी काही लपवलं नाही कधी. शेजारच्या सीमावहिनीच्या फोनवरून लपून बोलायची माह्याशी. आखरीच्या बारीले बोलली तेव्हा विचारते, 'अमरावतीहून किती घंटे लागते व बाई?' मी म्हटलं, चार घंटे, मोठी माय, अकोटले बस बदला लागते. तं म्हणे, 'मंग काहून नाही येत?'

काहून नाही येत. सांगा, आहे का उत्तर? माह्या चौथ्या प्रकरणात आहे. हसा आता, हसा—चौथं प्रकरण त्याच्यावरच लिहिलं मी, गावातून नाव काढून गेलेला माणूस परत येऊ शकत नाही, गावाले तो गेलेलाच पाहिजे असते. चांगलं लिहिलं होतं. सरांनी बाजूले पेन्सिलनं शेरा मारला—'भावनिक होऊ नये.'

नाही, पाणी नको म्हटलं ना.

मोठी माय गेली तेव्हा बाबानं मले फोन नाही केला. प्रतीक्षानं केला, पहाटे, रडत रडत. अन् दुपारपर्यंत मी हिवरखेडात होती. —हो, होती ना. हा स्कार्फ आहे ना, हा असा बांधून, डोळे तेवढे उघडे—अमरावतीत साऱ्या पोरी बांधतात, उन्हाचा—तसाच बांधून एसटीतून उतरली, अन् स्टँडसमोरच्या पिठगिरणीच्या ओट्यावर उभी राहिली. वर पाहिलं तं तुमचाच फ्लेक्स. उडालेला, रंग गेलेला, पण मी होती त्याच्यावर, टोपी घालून, हसत. अन् खाली मी. मंग आली तिची तिरडी. समोर बाबा, मडकं धरून—मोठीले लेकरू नाही म्हणून सारं बाबाच करून राहिले होते. अन् विसावा कुठं द्यावा त्याइनं? गिरणीच्या समोरच. ठेवली खाली. माह्यापासून इथून त्या तुमच्या दरवाज्याइतकी लांब. तोंड झाकलेलं नव्हतं तिचं. लोकं पुढं होऊन पाया पडून राहिले होते, कोणीही, ज्याइचा काही संबंध नाही तेही. मी ओट्यावरून एक पाय खाली टाकला. अन् बाबानं पाहिलं माह्याकडं. डोळेच दिसत होते माहे—पण बाप आहे, त्याले डोळे कळत नाहीत का? ओळखलं त्याइनं. अन् मान हलवली. अशी. एवढीशी. नको म्हणून.

नाही गेली मी. टाकलेला पाय मागं घेतला. तिरडी उचलली, लोकं निघून गेले, गिरणीवाला मले म्हणे, बाई, दळण आहे का? मी म्हटलं, नाही, बसची वाट पाहून राहिली. बस.

—तुमी का मान खाली घालता? तुमचं काय चुकलं? तुमाले जे सांगितलं ते छापलं तुमी. मले फक्त तो कंस काढून द्या. मले असं कंसात घालून तिच्या खाली नका लिहू भाऊ, ते माही माय होती. —फोन करून विचारतो? करा. आत्ता करा. —लागला? द्या इकडं.

बाबा, मी आहे. —अकोल्यात, फ्लेक्सवाल्याच्या दुकानात. —चढवत नाही मी आवाज. मी एकच विचारून राहिली, उद्या तेरवीले मी येऊ का नाही? —हं. —हो, प्रतीक्षाच्या होणाऱ्या सासरचे येणार आहेत, माहीत आहे मले. तिनंच डिझाईन पाठवलं, म्हणते ताई तू ये, लग्न मोडलं तं मोडलं. तिले विचारलं का तुमी? —हं. —हं. —समजलं. ठेवा.

ऐकलं? ऐकू आलं नसन, हळूच बोलत होते. म्हणे, तेरवी होऊन जाऊ दे. पंधरा दिवसांनी ये, सुटी टाकून आली म्हणून सांगू. अन् येताना—काय म्हणे—येताना चॉकलेटं आणजो तिकडचे.

चॉकलेटं.

—थांबा. माऊसवरून हात काढा. खोडू नका ते. राहू द्या. हो, जर्मनी राहू द्या, कंससुद्धा राहू द्या, जसं आहे तसंच छापा. काहीच बदलायचं नाही. छापून मले गुंडाळून द्या—श्याम येणार होता घ्यायले, त्याले सांगा, घेऊन गेली एक बाई. मीच नेते बसमध्ये. मीच बांधते उद्या सकाळी, तिथंच, गिरणीसमोर, जिथं तिले ठेवलं होतं. अन् पंगत उठेपर्यंत त्याच्या खाली उभी राहते. वर लिहिलेलं आहेच, खाली मी आहेच, वाचता येते साऱ्याइले. ज्याले विचारायचं त्यानं मले विचारावं, नाहीतं बाबाले विचारावं.

—स्कार्फ? विसरली नाही मी. राहू द्या तिथंच, मशीन पुसायले घ्या. चाला आता, चालू करा ते मशीन, अकोटची बस आहे माही.