शामलाची दुपारची गोळी

नाही मोठ्या बाई, मी इथून उठत नाही. तुम्ही उन्हात उभ्या राहून राहिल्या, तुम्हीच या इकडे निंबाखाली — फाटकाच्या आत तुमची शाळा, फाटकाच्या बाहेर सडक, अन् सडक काही शाळेची नाही. चिठ्ठी? हव, मिळाली. शुक्रवारी संध्याकाळी यमुताई घेऊन आल्या, तुमच्या शाळेच्या चपराशीणबाई, त्यांनीच वाचून दाखवली, मले वाचता येत नाही. ‘आपली मुलगी शामला मारोतराव निमजे, इयत्ता पाचवी, हिला वर्गात झटका आला, सबब रोग पूर्ण बरा झाल्याचा डॉक्टरांचा दाखला आणेपर्यंत तिला शाळेत पाठवू नये.’ मी इचारलं, सबब म्हणजे काय वं यमुताई? त्या म्हणे, सबब म्हणजे म्हणून. बरं, म्हणून त म्हणून. मी आज सकाळी शामलाची वेणी घातली, तिले आणून तिच्या बाकावर बसवली, अन् इथं येऊन बसली. तिले वर्गातून काढाचं असन त माझ्याशी बोला. तिच्याशी नाही.

झटके काही आजचे नाहीत — सहा वर्षांची होती तवापासून आहेत. चुलीपुढे बसल्या बसल्या पडली, दात आवळले, डोळे पांढरे. सासू म्हणे बाहेरचं आहे, लिंबू उतरवा, धागा बांधा. तिचा बाप गांधीबागेत कपड्याच्या गोदामात गठ्ठे बांधते, हातमाग सुटला तवापासून तिथंच आहे — गरीब माणूस, आईपुढे बोलत नाही. मी बोलली. मी म्हटलं, धागे आम्ही कोष्टी लोक जन्मभर बांधून राहिलो, धाग्यानं काय होते ते मले नका सांगू. अन् पोरीले काखेत मारून तांडापेठेतून पायी मोठ्या सरकारी दवाखान्यात, मेडिकलले नेली. डॉक्टर म्हणे ही मिरगी आहे, भूत नाही. सकाळी एक गोळी, दुपारी एक, झोपताना एक, एकही चुकवाची नाही, वर्षानुवर्षं. नाही चुकवली. पंचाहत्तरच्या दिवाळीपासून या दिवाळीपर्यंत, बाई, दोन वर्षांत एक झटका नाही. दोन वर्षं.

तुमचा नियम मले माहीत आहे — छापील कागद दिला होता जूनमध्ये, पालकांसाठी. डोळे आले, गोवर निघाला, खरूज झाली त पोट्टीले घरी ठेवा. दप्तरात दवाई ठेवाची नाही. शाळा कोणाले दवाई देणार नाही. काहून, त मागच्या साली कोण्या पोट्टीनं आजीच्या गोळ्या चॉकलेट म्हणून वाटल्या अन् दोघीजणी उलट्या करत पडल्या. नियम चुकीचा आहे असं मी म्हणत नाही. मी फक्त मनाशी म्हटलं, ठीक आहे, दप्तरात नको, शाळेनं नको, मंग मीच देते — अन् जूनपासून रोज मधल्या सुट्टीत या फाटकावर आली. पाण्यापावसात आली. सुताच्या लडी आणायची, सोडवत बसायची, घंटा झाली की शामला यायची, गोळी घ्यायची, माझ्या हातचं पाणी प्यायची, जायची. तुम्ही नव्हत्या तवा, तुम्ही दिवाळीनंतर आल्या. आधीच्या मोठ्या बाई मले पाहून पदर सारखा करत निघून जात.

मंग दिवाळीनंतर पोरगी मले म्हणे, आई, तू नको येत जाऊ. काहून वं? सांगेना. लय खोदून इचारलं तवा म्हणे, पोट्ट्या म्हणतात शामलीची माय फाटकावर भीक मागते. — आता बोला. दहा वर्षांची आहे ती. म्हणे, मीच घेत जाईन, कंपासच्या डब्यात ठेवीन, कोणाले दिसणार नाही. मी सहा गोळ्या मोजून पुडीत बांधल्या, सोमवार ते शनिवार, अन् दिल्या. अन् सोमवारीच तुमच्या वर्गाच्या बाईंनी दप्तरं तपासली. पुडी घेतली, ड्रॉवरमध्ये टाकली, ‘आईला घेऊन ये’ म्हणाल्या. पोरगी आईले घेऊन कशी येईल? तिनंच त आईले येऊ नको म्हटलं होतं. सोमवारी गोळी नाही, मंगळवारी नाही, बुधवारी नाही. मी घरी रोज इचारते, घेतली काय वं? हव आई, घेतली. गुरुवारी भूगोलाच्या तासाले उभी राहिली अन् आडवी झाली.

यमुताई धावत मले घ्यायले आल्या, चप्पल न घालता. मी आली त कोणी तिच्या नाकाशी चप्पल धरून होतं, साऱ्या वर्गाच्या पोट्ट्या गोल करून उभ्या, अन् माझी पोरगी खाली ओल्या परकरात. एकीलेही बाहेर पाठवली नव्हती. तिचं अंग झाकाले कोणापाशी एक चादर नव्हती, मी माझा पदर टाकला. वर्गाच्या बाई दूर भिंतीले लागून उभ्या होत्या — कोवळी पोरगी आहे, मी तिले शिव्या नाही दिल्या, नाही देणार. पण यमुताईंनी ड्रॉवर उघडून दाखवला. सहाच्या सहा गोळ्या होत्या. गोळ्या ड्रॉवरमध्ये अन् पोरगी जमिनीवर, अन् मधात दोन हाताचं अंतर. कोणी इचारलं काय तिले, कायची गोळी आहे म्हणून?

काय? — शाळेले कसं माहीत असणार? असं कसं, बाई. चार महिने मी इथं बसून राहिली, कोणाले दिसली नाही काय? सरकारी डॉक्टर पोरींची तपासणी कराले आले, त्यांच्या वहीत — नाही, त्यांच्या वहीत नसन. त्या दिवशी शामला घरी होती. ताप होता. — नव्हता ताप. मी ठेवली होती घरी. असं पाहू नका, आता तोंडातून निघालंच त पुरतं ऐका. जूनमध्ये तुमच्या कारकुनानं फारमवर इचारलं, मुलीले काही आजार? मी म्हटलं, नाही. अंगठा मीच उठवला. काहून सांगू? त्याच्या आठ दिवस आधी दुसऱ्या एका शाळेत मी खरं बोलली होती. तिथल्या माणसानं पेन खाली ठेवलं अन् म्हणे, जागा नाही. माझ्यामागच्या बाईले मिळाली जागा, मी वळून पाहिलं ना. मंग तुमच्या इथं मी खोटं बोलली. अन् पुन्हा वेळ आली त पुन्हा बोलीन. तिचा बाप सहीपुरता शिकला, मी तेवढीही नाही. ती शिकन. खोट्याची सजा माझी आहे, तिची नाही.

अन् आणखी एक — हे कुठं लिहू नका. त्या सोमवारी, ती एकटी गोळी घेणार होती त्या पहिल्या दुपारी, मी घरी सतरंजी टाकली अन् झोपली. चार महिन्यांत पहिल्यांदा दुपारची पाठ टेकली. मंगळवारीही झोपली. बुधवारीही. बरं वाटलं मले. इकडे तिची गोळी चुकून राहिली अन् माय घोरून राहिली. मनात आलं होतं एकदा, जाऊन पाहावं, फाटकावरून नुसतं पाहावं. कूस बदलली अन् राहू दिलं. ... जाऊ द्या. तुम्हाले काहून सांगितलं काय माहीत.

हा घ्या कागद. शनिवारी तुमची चिठ्ठी घेऊन मेडिकलले गेली होती, पोरीले घेऊन. डॉक्टरनं चिठ्ठी वाचली अन् म्हणे, ‘रोग पूर्ण बरा’ असं कोणताच डॉक्टर लिहून देणार नाही, मी खरं तेवढं लिहितो. वाचा ना. मले पाठ आहे, यमुताईंनी तीनदा वाचला — मुलगी शाळेत बसू शकते. दुपारची गोळी न चुकता द्यावी. झटका आल्यास कुशीवर वळवावे, तोंडात काही घालू नये, गर्दी करू नये, चप्पल हुंगवू नये. ते चप्पलचं मीच लिहाले लावलं. तो म्हणे, हे लिहाची गरज नाही. मी म्हटलं, तुम्ही तिथं नव्हते. लिहिलं मंग.

पण नियम काय? आता या शाळेत सही तुमची चालते ना बाई, तुमच्याच सहीनं त्याच्याखाली एक ओळ वाढवा. ज्या पोट्टीपाशी डॉक्टरचा कागद आहे तिची गोळी शाळेनं ठेवावी, अन् वेळेवर द्यावी. शामला काही एकटी नसन, बाकीच्या मायाही माझ्यासारख्याच खोटं बोलल्या असतील. तुमच्या कपाटाले कुलूप आहे, खडूसाठी आहे, गोळीसाठीही होईन. नाही लिहीत? मंग मी रोज बसते इथं. भिकारीण म्हणाले पोट्ट्या त म्हणू द्या. पण वर्गातून तिले उठवाल त मी वर्गात येऊन बसीन, सांगून ठेवते, अन् मले उठवाले यमुताई काही येणार नाहीत.

... तुमच्या कपाटात? तुमच्या स्वतःच्या? — अन् देणार कोण? यमुताई, तुमच्यासमोर. हं. अन् ते कागदावर येईन, की नुसतं तोंडानं? नाही, राग नका मानू, तोंडाचं काय होते ते मी पाहिलं आहे. अंगठा पाहिजे? देते, दहा देते. पण आधी तुम्ही लिहा, यमुताईंकडून मी वाचून घेईन, मंग अंगठा. अन् फारमवरचं ‘नाही’ खोडाचं असन त खोडा, तिथं ‘हव’ लिहा, त्याच्यापाशीही उठवते. आजारी आहे माझी पोरगी. आजारी आहे अन् शाळेत येते. तसंच लिहा.

घंटा झाली. बाई, आता गप्प राहा जराशी, तिचा वर्ग सगळ्यात पहिले सुटते. ती पाहा, खांबाआडून पाहून राहिली, येऊ की नको तिचं ठरत नाही. तुम्ही जा आत. तुमच्याशी बोलताना पाहिलं त तिले वाटन, आपल्यापायी मायले बोलणी बसून राहिली, अन् मंग गोळी घ्यायले येणार नाही, जेवणाचा डबाही तसाच परत नेईन. कागद घेऊन जा, लिहून ठेवा, सुट्टी संपली की मी येते अंगठ्याले. — जा ना बाई. ये वं शामला.